पुस्तक मोबाईलमध्ये आलं... पण आपोआप नाही!

दर वर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. दोन्ही दिवशी कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मोबाईलमुळे वाचनसंस्कृती लयाला चालली आहे." समोर बसलेली जनता टाळ्या वाजवते आणि लगेच मोबाईलमध्ये डोकं घालते! दुसरीकडे आपले टेक्नोसॅव्ही मित्र म्हणतात, "कशाला टेन्शन घेता? आता सगळी पुस्तकं ऑनलाइन आहेत. एक क्लिक केलं की झालं."

मला विचाराल तर दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. पुस्तक मोबाईलमुळे मरत नाही, आणि ते मोबाईलमध्ये आपोआप येतही नाही. कोणीतरी ते तिथे आणावं लागतं. कोण आणतं, कसं आणतं आणि आणताना वाटेत काय काय सांडतं, हे समजून घेणं आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांना खरं तर सोपं आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी माझ्याबद्दल थोडं. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी हा तिथे आठवड्यातून चार तासांपुरता विषय, तोही 'लोअर'. घरी आजीशी मराठी, पण कपाटातली पुस्तकं सगळी इंग्रजी. त्यामुळे लांबलचक जोडाक्षर आलं की माझी गाडी अजूनही सेकंड गिअरमध्ये जाते. मी मराठी पुस्तकं वाचायला लागले ती कॉलेजला आल्यावर, आणि तीही मोबाईलवर. शब्द अडला की त्यावर बोट दाबून धरायचं, अर्थ शोधायचा आणि पुढे जायचं. हे करताना एक गोष्ट लक्षात आली. काही पुस्तकांत बोट दाबलं की शब्द निवडला जातो. काहींत कितीही दाबा, पान ढिम्म हलत नाही. आणि काही पुस्तकांतून शब्द कॉपी करून पेस्ट केला, तर भलतीच इंग्रजी अक्षरं उमटतात! तिन्ही पीडीएफच, मग असं का? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी बरीच लांब जाऊन आले.

एकविशीतला ग्रंथवेडा

सुरुवात आपल्या ठाण्यापासूनच करू. हॉस्टेलच्या आपल्या जनतेसाठी ठाणे म्हणजे माजिवडा नाका. घोडबंदर रोड, नाशिक हायवे आणि ईस्टर्न एक्सप्रेस हायवे एकमेकांच्या अंगावर येतात ती जागा. वर फ्लायओव्हर, बाजूला मेट्रोचे खांब, खाली रिक्षांचा गोंगाट. इथे उभं राहून हे शहर पुस्तकांचं आहे असं कोणी म्हटलं तर हसू येईल. पण शेअर रिक्षा पकडून जुन्या ठाण्यात गेलं की चित्र बदलतं. तिथे १८९३ साली 'मराठी ग्रंथसंग्रहालय' सुरू झालं. खास मराठी ग्रंथांसाठी निघालेली ही महाराष्ट्रातली पहिली संस्था मानली जाते.

तिच्या संस्थापकांतलं ठळक नाव म्हणजे विनायक लक्ष्मण भावे. पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला तेच हे भावे. त्यांचा जन्म १८७१ चा. म्हणजे संग्रहालय सुरू झालं तेव्हा वय जेमतेम एकवीस, आपल्या थर्ड-फायनल इयरच्या पोरांएवढं! आणि शिक्षण सायन्सचं. त्या काळी जुन्या कवींचं कितीतरी काव्य लोकांच्या घरांत आणि मठांत हाताने लिहिलेल्या पोथ्यांमध्ये बांधून पडलेलं होतं. भाव्यांनी अशी बाडं शोधली आणि १९०३ मध्ये 'महाराष्ट्र कवि' नावाचं मासिक काढून त्यातलं काव्य छापायला सुरुवात केली.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे फॉरमॅट मायग्रेशन. हस्तलिखितातून छापील पानावर! छापण्याची सोय आधीपासून होतीच. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला १८०५ मध्ये छापून झालं होतं, आणि मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८४१ मध्ये पंचांग छापलं होतं. यंत्र आलं म्हणून पोथ्या आपण होऊन छापखान्यात चालत गेल्या नाहीत. ज्या कोणी उचलून नेल्या त्या टिकल्या. राहिलेल्यांतल्या कितीतरी वाळवीने खाल्ल्या.

आज आपण अशाच दुसऱ्या स्थलांतराच्या मधोमध उभे आहोत. छापील पानावरून स्क्रीनवर.

फोटो, मुखवटा आणि अक्षर

आता माझ्या त्या तीन प्रकारच्या पीडीएफकडे येऊ.

पहिला प्रकार फोटोचा. पुस्तकाचं पान स्कॅनरवर ठेवलं, चित्र काढलं, झालं. आपल्याला त्यात अक्षरं दिसतात, कॉम्प्युटरला फक्त काळे-पांढरे ठिपके. म्हणून शोधता येत नाही, शब्द निवडता येत नाही, अक्षरं मोठी केली की ओळ स्क्रीनबाहेर पळते. थोडं गणित करू. ए-फाईव्ह आकाराचं पान ३०० डीपीआयने स्कॅन केलं की साधारण ४३ लाख पिक्सेल होतात. एका पिक्सेलला एक बाईट धरला तर कॉम्प्रेस करण्याआधी पानाचे ४ एमबीहून जास्त. त्याच पानावरचे २५० शब्द टाईप केले तर साडेचार-पाच केबीत मावतात. जवळजवळ हजारपटीचा फरक!

दुसरा प्रकार मुखवट्याचा, आणि हा सगळ्यात फसवा. १९९० नंतरच्या वीसेक वर्षांत बरीच मराठी पुस्तकं श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये टाईप झाली. हे फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मराठी मुखवटे. कृतिदेवमध्ये स्क्रीनवर 'का' दिसतो, पण फाईलमध्ये साठवलेलं असतं 'डी' आणि 'के'. फॉन्ट काढला की मुखवटा गळून पडतो. त्यातून प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. म्हणजे पुस्तक टाईप केलेलं आहे, प्रकाशकाच्या जुन्या सीडीवर फाईलही आहे, पण ती उघडायला तोच जुना फॉन्ट हवा. रूपांतर करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण जोडाक्षरांत आणि वेलांट्यांत घोळ होतात आणि मग ओळन् ओळ माणसाने तपासावी लागते.

तिसरा प्रकार म्हणजे खरं अक्षर, युनिकोड. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला युनिकोडमध्ये १२८ जागांचा स्वतंत्र गाळा आहे. त्यात 'क' चा नंबर हेक्साडेसिमलमध्ये ०९१५, आपल्या साध्या पद्धतीत २३२५. फॉन्ट कुठलाही लावा, फोन कुठलाही घ्या, २३२५ म्हणजे 'क'च. युटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाईट घेतं. 'पुस्तक' या शब्दात प, उकार, स, हलन्त, त, क अशी ६ चिन्हं, म्हणजे १८ बाईट. इंग्रजी 'बुक' ४ बाईटमध्ये उरकतं, पण तेवढा खर्च आपल्याला परवडतो!

अर्थात इथेही सगळं एका दिवसात झालं नाही. 'ॲडमिशन'मधला 'ॲ' हे एक स्वतंत्र चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आला. 'दुसऱ्या'मधला अर्धा र आजही दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाईप होतो. एकदा 'ऱ' वापरून, एकदा साधा 'र' आणि न दिसणारं एक जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने टाईप केलेलं सापडेलच याची खात्री नाही.

जे युनिकोडमध्ये आलं त्याचा फायदा किती, याचं उत्तम उदाहरण मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, आणि आता हा २० खंडांचा कोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो, त्यात शोधता येतं. व्हायव्हाच्या आदल्या रात्री एखादी संकल्पना डोक्यावरून जात असेल तर एकदा विश्वकोशातली नोंद उघडून बघा. मातृभाषेत वाचल्यावर ट्यूब लवकर पेटते, हा स्वानुभव.

ओसीआरची फे फे

मग सरळ सगळे स्कॅन ओसीआरमधून काढा की! चित्रातली अक्षरं ओळखून टाईप करून देणारं तंत्रज्ञान आहेच. मराठीसाठीही ते आता बरंच सुधारलं आहे. पण जुनं पुस्तक समोर आलं की त्याची फे फे उडते.

कारणं समजण्यासारखी आहेत. इंग्रजीत छापील अक्षरं सुटी असतात. आपल्याकडे शिरोरेषा सगळ्या शब्दाला एका दोरीत बांधते, त्यामुळे एक अक्षर कुठे संपलं हे आधी शोधावं लागतं. मात्रा वर, उकार खाली, वेलांटी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे. जुन्या छपाईत टाईप झिजलेला, शाई पसरलेली, त्यामुळे 'घ' की 'ध', 'म' की 'भ' याचा पत्ता नाही. वर जुनं शुद्धलेखन! १९६२ साली नवे नियम येण्याआधी 'नांव', 'कांहीं' असं अनुस्वारांसकट लिहायची पद्धत होती. सॉफ्टवेअर एक तर ते अनुस्वार कचरा समजून उडवतं, नाहीतर कागदावरच्या डागालाही अनुस्वार समजतं.

म्हणून शेवटी माणूस लागतोच. मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयात हे काम कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. स्क्रीनवर एका बाजूला स्कॅन केलेलं पान, शेजारी ओसीआरने काढलेला मजकूर. आपण दोन्ही ताडून चुका दुरुस्त करायच्या. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलेलं पिवळं, आणि दुसऱ्या कोणीतरी पुन्हा तपासलं की हिरवं. कोणीही बसल्या जागी करू शकेल असं काम. जर्नल कॉपी करण्याइतकंच कंटाळवाणं म्हणा हवं तर, पण त्यातून निघालेलं पान निदान पुढे कोणीतरी वाचणार असतं!

फुकटचं कुठलं आणि चोरीचं कुठलं?

इथे एक नाजूक विषय काढावाच लागेल. हॉस्टेलमध्ये कोणाच्या ना कोणाच्या पेनड्राईव्हमध्ये नाहीतर टेलिग्रामवर 'मराठी बुक्स' नावाचा फोल्डर असतोच. चारशे-पाचशे पुस्तकं, सगळी फुकट. त्यात काय चालतं आणि काय नाही?

कायदा तसा सरळ आहे. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यानुसार लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं पुस्तकावर हक्क राहतो. आधी ही मुदत ५० वर्षं होती, १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० झाली. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. आता हिशोब करा. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून 'श्यामची आई' १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुली आहे. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये गेल्या, त्यांचं लेखनही खुलं. ही पुस्तकं बिनधास्त वाटा, टाईप करा, पाहिजे तर ॲप बनवा. पण पु. ल. देशपांडे गेले २००० साली, म्हणजे त्यांची पुस्तकं २०६१ मध्ये खुली होतील. 'मृत्युंजय'चे शिवाजी सावंत २००२ मध्ये गेले, त्यासाठी २०६३ उजाडेल. तोपर्यंत आपली नातवंडं ॲडमिशनच्या रांगेत असतील!

"एक पीडीएफ फॉरवर्ड केल्याने कोणाचं काय बिघडतं?" असं कोणीतरी म्हणणारच. एक अंदाजी हिशोब मांडते. पुस्तकाची किंमत ३०० रुपये आणि लेखकाला १० टक्के मिळतात असं धरू. प्रतीमागे ३० रुपये. हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली तर ३० हजार. दोन-तीन वर्षं राबून लिहिलेल्या पुस्तकाचे ३० हजार, आणि हजार प्रती खपायला कधी कधी वर्षानुवर्षं लागतात. इंग्रजी बेस्टसेलरच्या लाखो प्रतींतून चार पायरेट झाल्या तर लेखकाच्या पोटाला चिमटा बसत नसेल. मराठीत मुळात विहीरच लहान आहे, आपण पाचशे जणांनी फुकट बादल्या बुडवल्या तर ती आटते. आणि पुढचं पुस्तक छापायचं की नाही, हे प्रकाशक त्या विहिरीत डोकावूनच ठरवतो.

यातली सर्वांत केविलवाणी स्थिती मधल्या पुस्तकांची आहे. समजा एक लेखिका १९७५ मध्ये वारली. पुस्तक १९६० चं, पुन्हा कधी छापलं गेलं नाही, प्रकाशन बंद पडलं, वारस कुठे आहेत माहीत नाही. कायद्याने ते २०३६ पर्यंत बंद. दुकानात मिळत नाही, नेटवर टाकता येत नाही, आणि ग्रंथालयातल्या दोन-चार प्रतींचा कागद दर पावसाळ्यात थोडा थोडा पिवळा होत जातो. भाव्यांच्या वेळी वाळवीच्या तोंडी होत्या त्या पोथ्या. आजच्या पोथ्या म्हणजे ही पुस्तकं. ती निदान कुठे आहेत, कोणत्या स्थितीत आहेत याची नोंद तरी व्हायला हवी, म्हणजे खुली होतील त्या दिवशी हातात प्रत असेल.

ठाण्यातलाच दुसरा प्रयोग

चांगली बातमी अशी की सरळ मार्गाने डिजिटल वाचणं आता अवघड राहिलेलं नाही. २००८ साली आपल्या ठाण्यातूनच 'ई साहित्य प्रतिष्ठान' सुरू झालं. लेखकांच्या परवानगीने ते मराठी ई-पुस्तकं तयार करतात आणि वाचकांना विनामूल्य देतात. त्यांची वाचकाकडून अपेक्षा एवढीच, की वाचून झाल्यावर लेखकाला दोन ओळी कळवाव्यात. मला हे फार आवडलं. पैसे नाहीत? ठीक आहे, वेळ द्या, मत द्या. नवीन लिहिणाऱ्याला त्याचीही भूक असतेच.

पुण्याच्या 'बुकगंगा'वर मराठी ई-पुस्तकं विकत मिळतात. ॲमेझॉनच्या किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकं येऊ लागली. २०१७ मध्ये 'स्टोरीटेल' भारतात आलं ते मराठी ऑडिओबुक घेऊनच. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना तर ऑडिओ म्हणजे वरदान आहे, कारण आमचं मराठी डोळ्यांपेक्षा कानाने पक्कं! आधी प्रकरण ऐकायचं आणि मग तेच छापील पुस्तकात वाचायचं, हा माझा फॉर्म्युला. सेकंड गिअरची गाडी आपोआप थर्डमध्ये जाते.

आणि कागदाला नाकं मुरडायचं काहीच कारण नाही. मोबाईलवर वाचताना वीस पानं झाली की वरून नोटिफिकेशन टपकतंच. छापील पुस्तकाला ही खोड नाही. विकत घेणं जमत नसेल तर ग्रंथालयाची वर्गणी काढा. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकांचं आदान-प्रदान सुरू केलं. आपलं वाचून झालेलं पुस्तक द्यायचं, दुसऱ्याचं घ्यायचं. ठाण्यात २०१० साली आणि डोंबिवलीत २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. म्हणजे सेंट्रल लाईनवरचा आपला हा पट्टा पुस्तकांच्या बाबतीत कंगाल नक्कीच नाही!

मग आपण काय करायचं?

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण सगळ्यांनी अभिमानाने स्टेटस ठेवले. पण आजचा जमाना सर्चचा आणि एआयचा. त्यांना दिसतो तो फक्त मजकूर. फोटोतलं पुस्तक आणि मुखवट्यातलं पुस्तक त्यांच्यासाठी जवळजवळ नसल्यात जमा. चॅटबॉटचं मराठी कधी कधी इंग्रजीचं भाषांतर वाचल्यासारखं वाटतं, याची आपण खिल्ली उडवतो. पण त्याने शिकावं असं चांगलं मराठी आपण त्याच्यासमोर ठेवलंय किती?

म्हणून एक साधा प्रस्ताव मांडते. एका विंगमध्ये ३० जणी धरा. प्रत्येकीने खुल्या झालेल्या पुस्तकाचं रोज एकच पान विकिस्रोतवर तपासायचं. वेळ पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे मेसच्या रांगेत जातो तेवढाच. १०० दिवसांत ३००० पानं. प्रत्येक पान दोघींनी तपासायचं म्हणून १५०० पानं धरू. दीडशे पानी पुस्तक धरलं तर एका सेमिस्टरमध्ये १० पुस्तकं कायमची खुली, शोधता येतील अशी! आपल्यापैकी कित्येकींचे मिनी प्रोजेक्ट सबमिशननंतर कपाटात धूळ खात पडतात. हे काम सबमिशननंतरही वापरात राहील.

ज्यांना कोडिंगची खाज आहे त्यांनी जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारी सॉफ्टवेअर सुधारावीत, जुन्या शुद्धलेखनातला 'कांहीं' आणि आजचा 'काही' एकत्र शोधून देणारं काहीतरी लिहावं. स्टाफमधल्या सरांना आणि मॅडमना विनंती, की असं काम प्रोजेक्टसाठी मान्य करता आलं तर जरूर पाहावं. आणि पेनड्राईव्हमधला तो फोल्डर उघडून बघा. त्यातलं एक तरी हयात लेखकाचं पुस्तक मनापासून आवडलं असेल, तर त्याची एक प्रत विंगमध्ये वर्गणी काढून विकत घ्या. ३० जणींत ३०० रुपये म्हणजे माणशी १० रुपये, एक कटिंग चहा!

ग्रंथसंग्रहालय काढायला एकवीस वर्षांच्या भाव्यांना कोणी असाइनमेंट दिली नव्हती. आपल्या हातात तर लॅपटॉप आहे, हॉस्टेलचं वायफाय आहे (चालू असेल तेव्हा!), आणि वयही तेच आहे. बघा, पटतंय का. पटलं तर आज रात्री एक पान.